पातेल्याकडे बघ

बाळी या वर्षात पाचव्यांदा घरी आली, तेव्हा खानावळीतल्या जुन्या गिऱ्हाइकांनी आश्चर्य करणंही सोडून दिलं होतं. आधीच्या वीस वर्षांत मिळून ती जेवढी आली नसेल तेवढी आता आठ महिन्यांत आली होती, आणि येताना कपड्यांपेक्षा वह्याच जास्त आणत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा, तशातली गत. साऱ्या जगाच्या ताटांवर लिहून झाल्यावर बाईसाहेबांना घरच्या पातेल्याची आठवण झाली होती.

धाकटीला याचं हसू यायचं आणि बरंही वाटायचं. बाळी तिच्या थोरल्या जावेची मुलगी. याच खानावळीच्या वरच्या दोन खोल्यांत वाढली. शाळेत तिच्या दप्तरालासुद्धा रश्श्याचा जळका वास यायचा, म्हणून मुलं तिला 'करपट' म्हणायची. गाव सोडताना ती म्हणाली होती, "पुन्हा जन्मात बटाट्याचं तोंड बघणार नाही." आता तीच अडतिसाव्या वर्षी पाव बुडवून बुडवून रस्सा खात होती आणि घासागणिक प्रश्न विचारत होती.

"काकू, आपल्याकडचा पाव एवढ्या जाड सालीचा का असतो गं?"

"असतो म्हणून असतो. पातळ सालीचा तो काय पाव? तो कापूस."

बाळीने मात्र गावभर हिंडून उत्तर आणलं. काचेचा कारखाना चालू होता तेव्हा कामगार पहाटेचा पाव खिशात कोंबून जायचे. मऊ पावाचा दुपारपर्यंत चेंदामेंदा व्हायचा, म्हणून बेकऱ्यांनी साल जाड केली. रश्श्यात मीठ जास्त, कारण भट्टीपाशी माणसं घामानं निथळायची. खानावळीत छातीइतकी उंच टेबलं आणि खुर्ची एकही नाही, कारण जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची, बसणार कोण? कारखान्याचा भोंगा बंद होऊन बारा वर्षं झाली, पण पाव, मीठ आणि टेबलं तशीच राहिली होती. धाकटी अडतीस वर्षं या सगळ्यात स्वयंपाक करत होती आणि यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. बाळीकडून ऐकताना तिला स्वतःच्याच घरात पाहुणी म्हणून आल्यासारखं वाटायचं.

गावचं ग्रंथालय गावच्या स्वयंपाकघरांवर पुस्तक काढत होतं. त्यात आपल्या खानावळीचं पान बाळी लिहिणार होती, आणि ते सोमवारी दुपारपर्यंत छपाईला जायला हवं होतं. म्हणून रविवारी, खानावळ बंद असते त्या दिवशी, ते पान सगळ्यांना वाचून दाखवायचं ठरलं.

आत्या सकाळपासूनच येऊन बसली होती. तिचं सासर दोन गल्ल्या पलीकडे, पण माहेरच्या प्रत्येक गोष्टीवर तिचा शब्द शेवटचा असायचा. काकांनी, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याने, धुतलेला सदरा घातला होता. वरून खुर्च्या खाली आणल्या होत्या. थोरली मात्र कोपऱ्यातल्या आपल्या ठरलेल्या बुटक्या स्टुलावर बसून उद्याचे कांदे सोलत होती.

"आई, आज तरी खुर्चीवर बस," बाळी म्हणाली.

"मला इथेच बरं. मला इथेच बरं. चहा ठेवू का सगळ्यांना? चहा ठेवू का?"

"दुबार सुरू झालं," काका हसून म्हणाले. सगळे हसले, थोरलीही हसली. कुठलीही गोष्ट दोनदा बोलायची तिला सवय होती. नळ बंद कर, नळ बंद कर. छत्री घेतलीस का, छत्री घेतलीस का. मुलं लहान होती तेव्हा तिची नक्कल करायची, आणि मोठी झाल्यावर त्यांना ती सवय दिसेनाशी झाली. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी वारला, तेव्हा शेवटी शेवटी तो म्हणायचा की निम्मं आयुष्य मी फुकटच ऐकलं.

चहा झाला. बाळीने कागद काढला, घसा साफ केला.

पान छान होतं. टेबलांची उंची होती, मीठ होतं, भोंगा होता. आणि मग मुख्य गोष्ट आली: या खानावळीचा करपट रस्सा, ज्याच्यासाठी लोक दोन तासांचा प्रवास करून येतात. 'हा रस्सा घरच्या धाकट्या सूनबाईंनी जाणूनबुजून घडवला,' बाळी वाचत होती. 'एकोणीस वर्षांच्या या नव्या नवरीने अख्खे कांदे निखाऱ्यावर काळे करून रश्श्यात घातले. चुलीपाशी उभं राहून महिनाही झालेला नसताना तिने गावाला त्याची चव दिली.'

"वा!" काका म्हणाले. "अगदी मी सांगतो तसंच लिहिलंस."

ते खरंच होतं. गल्ल्यावर बसून काकांनी ही कथा इतक्या जणांना सांगितली होती की आता ती त्यांनाही आठवत असल्यासारखी वाटायची.

"आमच्या आईचं नाव कुठाय यात?" आत्याने विचारलं. "चूल तिची. हिला उभं तिनं केलं."

"आजीचं पुढे आहे, आत्या. ऐक तर."

धाकटी मान खाली घालून बसली होती. सगळ्यांना वाटलं लाजली. ती मात्र दुसराच विचार करत होती. गल्ल्यावरची थाप हवेत विरून जाते. पुस्तकात छापलं की ते नातवंडं वाचणार. पण गप्प बसलं तर काहीच बिघडणार नव्हतं. उलट मान मिळणार होता. अडतीस वर्षं गप्प बसली, त्यात आणखी एक दिवस.

"एकच ओळ अडलीय," बाळी म्हणाली. "त्याआधी चुलीपाशी आई होती ना? मग काकू कशी आली? आई, गेल्या खेपेला तू सांगत होतीस, तेवढ्यात फोन आला. पुन्हा सांगशील?"

"त्यात काय सांगायचं?" थोरली कांदा सोलता सोलता म्हणाली. "रस्सा लागला माझ्या हातून. तू पाच महिन्यांची होतीस, वर रडून आकांत करत होतीस. मी पातेलं चढवलं, हिला म्हटलं, पातेल्याकडे बघ, मी हिला पाजून येते. आले तर धूर. भोंगा वाजलेला, माणसं दारात. वरचा वरचा रस्सा दुसऱ्या पातेल्यात काढला आणि तोच वाढला. सासूबाई म्हणाल्या, जिला पोर आणि पातेलं एका वेळी सांभाळता येत नाही तिनं चुलीपाशी उभं राहू नये. मग ही उभी राहिली आणि मी कांद्यांवर आले. दोन दिवसांनी माणसं विचारायला लागली, परवाचा तो जळका रस्सा पुन्हा कधी? तेव्हापासून ही कांदे काळे करून घालते."

"पण तू तर काकूला सांगून गेली होतीस," बाळी म्हणाली.

"मला वाटलं सांगितलं. हिनं ऐकलंच नव्हतं. म्हणजे मी मनातच म्हटलं असणार." थोरलीने सोललेला कांदा पाण्यात टाकला. "होतं असं माणसाचं. तेव्हापासून मी आपली प्रत्येक गोष्ट दोनदा बोलते. एकदा मनात राहिली तर दुसऱ्यांदा तरी तोंडातून बाहेर पडेल."

कोणी हसलं नाही. बाळीचं पेन कागदावरच थांबलं. "म्हणजे ते दुबार... त्या दिवसापासून?"

"मग काय जन्मतःच? शाळेत कविता म्हणायचे मी, एकदाच म्हणायचे."

धाकटीने हे कधी ऐकलं नव्हतं. एका छपराखाली अडतीस वर्षं, रोज आठ तास सहा हातांच्या अंतरावर, आणि तिने कधी विचारलं नव्हतं. तिला वाटायचं, आपण एक खोटं बोललो, त्यात वहिनींची चूल गेली, बास एवढंच. चूल म्हणजे तरी काय, धूर आणि घामच की. असं ती मनाला समजावत आली होती. पण ज्या दुबारला आपण इतकी वर्षं हसलो तेही आपणच दिलेलं होतं, हे कळल्यावर तिला बसवेना. ती उठून उभी राहिली.

"तुम्ही सांगितलं होतंत," ती म्हणाली.

"काय?"

"वहिनी, तुम्ही मला सांगितलं होतंत. पातेल्याकडे बघ, मी हिला पाजून येते, असंच. मी 'हो' म्हणाले होते. ते तुम्ही जिन्यात होतात, ऐकलं नसेल. पण मी ऐकलं होतं. सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

आत्याने पटकन हात वर केला. "अगं ए, आता कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. आई गेली, दादा गेला, कारखानासुद्धा गेला. कुणाला हवाय हा पंचनामा?"

"मला हवाय," बाळी म्हणाली.

"तू गप. तू पाळण्यात होतीस."

"अगं पण मी लोकांना काय सांगतोय तीस वर्षं!" काका म्हणाले. त्यांचा चेहरा अगदी उतरला होता. "परदेशातून आलेल्या माणसालासुद्धा सांगितलं मी. फोटो काढला त्यानं हिचा!"

"तुम्ही सांगत होतात. मी 'असं नव्हतं' म्हणायला हवं होतं, ते म्हणाले नाही."

थोरली अजून स्टुलावरच होती. हातातला कांदा अर्धा सोललेला तसाच राहिला होता. तिने धाकटीकडे बघितलं, आणि ती बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"सासूबाई आजारी होत्या, शेवटच्या दिवसांत मी त्यांची माफी मागितली. म्हटलं, माझं चुकलं, मी न सांगता वर गेले. कशाची माफी मागितली मी?"

धाकटी पुढे झाली, पण थोरली बोलतच राहिली.

"ह्यांना मी म्हणायचे, माझं डोकं कच्चं आहे, महत्त्वाचं काही माझ्यावर सोपवू नका. बाळीला ताप आला की औषध मी देत नसे. शेजारणीला बोलवायचे. मला वाटायचं, दिलं असं वाटेल आणि दिलेलंच नसेल. अडतीस वर्षं मला वाटतंय मला थोडं वेड आहे." आता आवाज फाटला. "आणि तू रोज इथं, माझ्यासमोर, काळे कांदे मिरवत होतीस!"

"हो," धाकटी म्हणाली.

"नंतर का नाही सांगितलंस? दुसऱ्या दिवशी? महिन्याभरानं?"

"पहिल्यांदा भीती होती. लग्नाला तीन आठवडे झालेले, सासूबाई परत पाठवतील असं वाटलं. महिन्याभरानं लाज वाटायला लागली. आणि मग..." धाकटी थांबली, पण आता अर्धवट सांगण्यात अर्थ नव्हता. "मग लोक वाहवा करायला लागले, आणि ते मला आवडायला लागलं. खरं तेच सांगते."

"कानामागून आली आणि तिखट झाली," थोरली म्हणाली. ही म्हण ती आयुष्यात पहिल्यांदाच वापरत होती, आणि एकदाच म्हणाली. "होतीस कुठे तू? पातेलं लागून धूर होईपर्यंत होतीस तरी कुठे?"

हा प्रश्न त्या दिवशी सासूबाईंनीही विचारला होता. धाकटीने तेव्हा अंगणात होते असं सांगितलं होतं.

"कोठीत."

"कोठीत काय करत होतीस?"

"खात होते."

काकांनी मान वर केली. आत्या म्हणाली, "काय खात होतीस?"

"पाव. पाव आणि साखर." धाकटी सत्तावन्न वर्षांची होती, दोन मुलांची लग्नं केलेली, पण हे सांगताना तिचे कान तापले. "आधी गिऱ्हाइकं जेवायची, मग घरचे पुरुष, मग सासूबाई, मग आपण. चार वाजायचे. माझ्या माहेरी दहाला न्याहारी असायची. मला भूक सहन व्हायची नाही. म्हटलं, दोन घास खाऊन येते. मग आणखी दोन खाल्ले. पिठाच्या पोत्यामागे साखरेचा डबा सापडला होता मला, रोज त्यातली चिमूट चिमूट घ्यायचे. वास आला तेव्हा तोंडात घास होता. कोठीत होते म्हटलं असतं तर कशाला म्हणून विचारलं असतं."

"आमच्या आईनं काय उपाशी मारलं तुम्हाला?" आत्या फणकारली. आतापर्यंत ती धाकटीची बाजू घेत आली होती. आता तिने खुर्चीच फिरवली. "सगळं तिच्याच माथी मारा. ती काय उत्तर द्यायला येणार आहे?"

"उपाशी नाही मारलं, वन्सं," थोरली म्हणाली. "शेवटी जेवायला घातलं."

मग ती धाकटीकडे वळली.

"पिठाच्या पोत्यामागे साखरेचा डबा. खानावळीतली साखर कुठं असायची?"

"कपाटात. किल्ली सासूबाईंच्या कमरेला."

"मग कोठीत डबा कुणी ठेवला असं वाटलं तुला? उंदरांनी?"

धाकटीने कोठीच्या दाराकडे बघितलं.

"अंगावर पिणारं पोर होतं माझं. चार वाजेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी चहाच्या साखरेतली चिमूट चिमूट वाचवून तो डबा भरायचे. रोज कमी व्हायची. मला वाटायचं, मीच खाल्ली असणार आणि विसरले असणार. माझं डोकंच कच्चं ना!" थोरली हसली की रडली ते कळलं नाही. कांद्याच्या हाताने तिने डोळे पुसले आणि ते आणखीच चुरचुरले. "भूक लागली होती तर मला सांगायचं होतंस. दोघींनी मिळून खाल्लं असतं. एकीनं पातेल्याकडे बघितलं असतं."

हे ऐकल्यावर मात्र धाकटी खुर्चीत बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. तिला कोणी गप्प केलं नाही. काका गल्ल्यावर जाऊन, नसलेल्या गिऱ्हाइकांसाठी फळी पुसत राहिले. आत्या "मी निघते" म्हणाली आणि बसूनच राहिली.

बऱ्याच वेळाने बाळीने विचारलं, "आई, मग मी काय लिहू?"

"झालं तसं लिही. करपलं म्हणून लिही."

"कुणामुळे?"

थोरलीने अर्धा सोललेला कांदा पाटीत ठेवला. "दोन सुना होत्या आणि दोघींना भूक लागायची, हे आधी लिही. मग काय लिहायचं ते लिही. आजीबद्दल वेडंवाकडं लिहू नकोस. तीही कधीतरी कुणाची सून होतीच."

"आणि काकूचं नाव?"

"ते तिला विचार. तिला बोलता येतं." एवढं बोलून थोरली वर निघून गेली. जिन्याकडे जाताना ती धाकटीच्या खुर्चीजवळून गेली, पण थांबली नाही. संध्याकाळचं जेवण तिने वरच घेतलं. धाकटी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आली.

सोमवारी सकाळी धाकटी नेहमीसारखी सहाला खाली उतरली, तर चूल पेटलेली होती. थोरली पातेल्यापाशी उभी होती, पदर खोचून, धाकटीचा चिमटा हातात घेऊन. बटाटे, गाजर, घेवडा कापून तयार होता. कोपऱ्यात बुटकं स्टूल रिकामं होतं आणि त्याच्यासमोर कांद्यांची पाटी.

धाकटी एक क्षण दारात थांबली. मग जाऊन स्टुलावर बसली. स्टूल तिला वाटलं होतं त्यापेक्षा फारच बुटकं निघालं. गुडघे थेट हनुवटीला. पहिल्या चार कांद्यांतच डोळे वाहायला लागले. अर्ध्या तासात पाठ भरून आली, आणि हे अडतीस वर्षं, असा हिशेब मनात आला तसा तिने तो बाजूला सारला, कारण त्याचा आता काही उपयोग नव्हता.

"कांदा किती काळा करायचा?" थोरलीने विचारलं.

धाकटी उठायला लागली. "दाखवते..."

"तिथूनच सांग."

धाकटी परत बसली. तिने नाक वर करून वास घेतला. आधी गोडूस वास येतो, मग कडवट, आणि त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी कांदा काढायचा असतो. "आता," ती म्हणाली.

थोरलीने ऐकलं, मान हलवली, आणि आपल्या मनाने आणखी थोडा वेळ थांबून मग कांदा काढला. धाकटीच्या मते तो जरा जास्तच काळा झाला होता. तिने पुढचा कांदा हातात घेतला.

अकराच्या सुमारास रस्सा उतरला. बाळी वर बसून पान पुन्हा लिहीत होती. आपलं नाव घालायला धाकटीने सकाळीच होकार दिला होता, दोघींची नावं शेजारी शेजारी घालायची आणि खोटं कुणी सांगितलं तेही लिहायचं, या अटीवर. बाहेर दोन-चार माणसं येऊन उभी राहिली होती. काका गल्ल्यावर बसायला निघाले होते.

थोरलीने दोन ताटल्या काढल्या. दोन्हींत रस्सा वाढला, वर जाड सालीच्या पावाचे तुकडे ठेवले, आणि ताटल्या आतल्या ओट्यावर नव्हे तर बाहेर, गिऱ्हाइकांच्या उंच टेबलावर नेऊन ठेवल्या. या टेबलाशी घरातली बाई आजवर पुसायलाच उभी राहिली होती.

"हात धुऊन ये," ती म्हणाली.

"वहिनी..."

"मी माफ केलंय असं समजू नकोस. ते मला जमेल की नाही, माहीत नाही. पण उपाशी माणसाच्या भरवशावर चूल टाकली की काय होतं ते मी बघितलंय. खा."

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. रस्सा नेहमीपेक्षा कडवट होता आणि मीठ चांगलंच लागत होतं. धाकटीला सपाटून भूक लागली होती हे तिला पहिला घास गेल्यावर कळलं. थोरली सावकाश जेवत होती, पावाचा प्रत्येक तुकडा नीट बुडवून.

काकांनी दाराच्या कडीला हात घातला. बाहेरून कोणीतरी टकटक केली. "वहिनी, माणसं थांबलीत. उघडू ना?"

"थांबा, भावोजी," थोरली म्हणाली. "आम्ही जेवतोय."